बापाचा हात

चैत्र सरत आला की माले गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना राब भाजायला लागतात. शेण, पालापाचोळा, वाळक्या टहाळ्या वाफ्यावर अंथरून पेटवायच्या, म्हणजे पावसाळ्यात तिथे भाताची रोपं जोमाने येतात. त्या धुराच्या वासाने कुणाला गावाची हुरहुर लागते. माझं मात्र डोकं तापतं. त्या रोपांमागोमाग मला आमच्या वाडीतली लावणी आठवते, आणि लावणीतली ती.

ती माझी शेजारीण, माझ्याच वयाची. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांच्या होतो. ती डावरी होती. ती पाळण्यात असतानाच बाप मुंबईला गिरणीत म्हणून गेला, तो परतला नाही. तिकडे दुसरं बिऱ्हाड केल्याची बातमी तेवढी आली. तिची आई येईल-जाईल त्याला सांगायची, "तिच्या बापाचा हात हाय त्यो. त्यो बी डावराच व्हता." मग वाडीला आणखी काही विचारावं लागत नसे. हात बापाचा, म्हणजे पायही बापाचेच. आज डाव्या हाताने जेवते, उद्या घर टाकून जाईल! लेकरात कुणाचं काय उतरलं याचे निकाल आमच्याकडे असे ओसरीवर, सुपारी कातरता कातरता लागत. पोरीचा गळा गोड, तो आईचा. भाकरी झकास थापते, ते वळण आईचं. चांगलं तेवढं आईकडचं आणि वाईट तेवढं परागंदा बापाचं. तो नाही म्हणायला होता कुठे?

लावणीला बाया ओळीने वाकून, मागे मागे सरत रोपं खोवतात. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्याने लावायचं. हिचे हात उलटे, त्यामुळे शेजारणीच्या कोपरावर कोपर आपटे. ओळीच्या टोकाला उभी केली असती तर भागलं असतं, पण एवढं साधं कुणाला सुचू नये? आईने तिला खाचरातून ओढून काढलं, लुगड्याची चिंधी फाडली आणि सगळ्यांदेखत लेकीचा डावा हात कमरेशी बांधला. एका हाताने लावणी होत नाही, म्हणून तिला पावसात बांधावर बसवून ठेवलं. ती रडलीसुद्धा नाही.

बैलपोळ्यापर्यंत हात बांधलेलाच होता. मास्तर खूश, कारण पाटीवर आता उजव्या हाताने अक्षरं उमटत होती. ती कशी लडखडत होती ते त्यांनी पाहिलं नाही. पोरांनी तिचं नाव 'चिंधी' पाडलं. पुढे आईने चिंधी सोडली, तरी पोरं हसतील म्हणून ती डावा हात परकराच्या घोळात लपवू लागली. आईने दोन-तीन महिने बांधलेला हात पोरांनी जन्माचा बांधून टाकला. वर्गातली सगळ्यात हुशार पोर मठ्ठ ठरली, चौथीच्या आधीच शाळा सुटली, आणि वाडी म्हणाली, सुधारली!

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. यंदा तिच्या ओसरीवर चहा घेताना राहवेना, तिच्या वारलेल्या आईला मी नको नको ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेवटाला आईला कायबी वळखू येत नव्हतं. गाव न्हाई, नाव न्हाई. मला कोन म्हनून इचारायची. आन् येक दिस ताट म्होरं ठिवलं, तर डाव्या हातानं जेवाया लागली. येक शीत सांडलं न्हाई."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे हात तिचाच?"

"व्हय. तिला बी ल्हानपनी कुनी बांधलं आसंल. बाप डावरा व्हता का उजवा, द्येवाला ठावं."

"मग तू काय केलंस?"

"काय करनार, बाय? कालवनाची वाटी त्या अंगाला सरकावली."

तिच्या आवाजात कडूपणा नव्हता. तो तिचा मोठेपणा; माझ्यात तो नाही. मला अजून कुणाशी तरी कडाकडा भांडायचं आहे, पण ज्या बाईशी भांडत आले तिची चिंधी तर माझ्या जन्माच्या आधीच कुणीतरी फाडली होती. आपला हात आपल्यालाच परत मिळायला त्या बाईला गाव, नाव आणि पोटची लेक, सगळं विसरावं लागलं.