चिमूटभर कच्चं पीठ

डोमाजीभाऊ हॉटेलात शिरले की बाकावर बसत नसत. काठी टेकत थेट कढईपाशी जात, परातीतल्या कोरड्या बेसनात दोन बोटं घालत, चिमूट जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. हॉटेलवाले चिडत. कुणी म्हणे, "आला सरकारचा जावई." भाऊंना त्याचं काही नसे. डोळे उघडले की एकच शब्द निघे, "बस" किंवा "चाल". "बस" म्हटलं की आम्ही खायचो. "चाल" म्हटलं की तिथून निघायचो, मग पोटात कितीही आग पडलेली असो.

मी रत्नागिरीकडचा. वडील गेले, शाळा सहावीत सुटली, आणि मामांच्या ओळखीनं गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये पोत्यांवर छाप मारायचं काम मिळालं. एवढ्या लांब आलेला आमच्या घरातला मी पहिलाच. पहिल्या संध्याकाळी रेलटोलीतल्या खोलीकडे जाताना समोरून एक माणूस आला. टाचा जमिनीला लागत नव्हत्या, गुडघे एकमेकांवर घासत होते. दारू प्यालेला असावा म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे सरकलो. तो थांबला.

"पिऊन नाई आलो बापा. पायच असे हायेत. काऊन भेऊन राहिला?"

हेच डोमाजीभाऊ, माझ्या शेजारच्या खोलीतले शिंपी. पायाचं मशीन चालवता येत नसे म्हणून हातानं फिरवायचं मशीन घेऊन ओट्यावर बसत. "कातर हातात पायजे, देवानं माह्या पायात देल्ली," असं स्वतःच म्हणून हसत.

मला स्वयंपाक येत नव्हता. भाऊ एकटेच. संध्याकाळ झाली की ओट्यावरून हाक यायची, "ए कोकण्या, चाल, गाव दाखवतो." त्यांचं गाव दाखवणं म्हणजे खाणं दाखवणं. चहा प्यावा तो छोट्या लाईनीच्या फलाटाबाहेर, कारण तिथला दूधवाला समोर धार काढतो. पोहे मोटार स्टँडजवळच्या म्हातारीचे, तेही पहिल्या घाण्याचे. बाजाराच्या दिवशी बोदलकशाच्या तलावातली मासोळी यायची, ती तव्यावर भाजून देणारी एक बाई होती. तिच्यापुढे मी कोकणातला मासेखाऊ असूनही मान खाली घालून जेवायचो. पण भाऊंचा खरा जीव गेंदलाल हलवायाच्या आलूबोंड्यावर. मिलच्या फाटकासमोरच त्याची टपरी. दुपारी हमाल, पोरं, मी, सगळे तिथेच. पुष्कळांचं ते जेवणच होतं.

पिठाचं कोडं एका पावसाळी संध्याकाळी उलगडलं. मी विचारलं, "भाऊ, चाखता कशाला?"

"लाखोळी हाय का पायतो."

लाखोळी म्हणजे धानाच्या बांधीत मागाहून पेरतात ती डाळ. चण्यापेक्षा स्वस्त, पिठात मिसळली तर रंगावरून ओळखू येत नाही. मी म्हटलं, मिसळली तर काय बिघडलं?

भाऊंनी मशीनचं चाक थांबवलं. "आमचं गाव अर्जुनीकडं. मी तुह्याएवढाच होतो. पाणी नाई आलं, धान गेला, लाखोळी तेवढी उभी. मालगुजार मजुरीत तेच दे. सकाळी तेच, रात्री तेच, बाकी काईच नाई. एक दिवस बांधीच्या धुऱ्यावर चढाले गेलो तं पाय उचलेच ना. दुखलं नाई, खुपलं नाई."

त्या रात्री मला झोप आली नाही. पोटऱ्यांत मुंग्या आल्यासारख्या वाटू लागल्या. आई गावी, धाकटी बहीण गावी. माझे पाय गेले तर त्यांना कोण बघणार, आणि मला इथून कोण उचलून नेणार? पहाटे भाऊंचं दार वाजवलं आणि रडवेला होऊन म्हणालो, माझेही पाय जातायत.

भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एका पायावर उभा राय."

उभा राहिलो.

"आता दुसऱ्या."

तसाही राहिलो.

"काई नाई झालं तुले. एका बोंड्यानं पाय जात नाई गा. रोज तेच पोटात गेलं तं जाते. जाय, झोप."

माझी भीती त्यानं गेली नाही, पण तिला धरायला दांडी मिळाली. रोज सकाळी खोलीचं दार लावून मी एका पायावर उभा राहायचो आणि मगच मिलकडे जायचो.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस भाऊंनी गेंदलालच्या परातीत बोटं घातली. डोळे मिटले. ते उघडायला फार वेळ लागला.

"गेंदलाल, हे काय हाय?"

गेंदलाल झारा हलवत राहिला. "चना महँगा है भाऊ. थोडासा मिलाया. सब मिलाते हैं. उससे कोई मरता है क्या?"

"मरत नाई," भाऊ म्हणाले. "हेच तं सांगून राहिलो. मरत नाई माणूस."

माझ्या हातातला बोंडा अर्धा खाल्लेला होता. तोंडातला घास गिळवेना, थुंकवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ टपरीसमोर येऊन जमिनीवर बसले. धोतर मांडीपर्यंत वर घेतलं आणि पाय रस्त्याकडे पसरले. काडीसारख्या पोटऱ्या, खाली वळलेली बोटं. मी कधी ते पाय असे उघडे पाहिले नव्हते. येणारा हमाल विचारी, "काय झालं भाऊ पायाले?" भाऊ म्हणत, "लाखोळी खाल्ली." बस, एवढंच. गेंदलालचं नावही घेत नसत. हमाल एकदा पायांकडे बघे, एकदा कढईकडे, आणि पुढे जाई.

मी काठी धरून त्यांच्या बाजूला बसलो होतो. माझे पाय थरथरत होते, आणि ते भीतीनं की लाखोळीनं, हे मला कळत नव्हतं. गेंदलालचा भाचा दोनदा येऊन आमच्या डोक्यावर उभा राहून गेला. तिसऱ्या दिवशी गेंदलाल स्वतः आला. हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. एक थेंब धुळीत पडला आणि चर्र झालं.

"उठ जा भाऊ. मेरा धंदा बैठ जाएगा."

"धंदा बसला तं उठते गेंदलाल. पाय बसला तं उठत नाई."

झारा पायांच्या अगदी वर होता. मी डोळे मिटले. भाऊंनी पाय आखडले नाहीत, म्हणजे आखडता आलेही नसते. उघडून पाहिलं तर गेंदलाल परत कढईपाशी गेला होता.

दोन दिवसांनी तो परात घेऊन रस्त्यावर आला आणि सगळ्यांदेखत भाऊंच्या पुढे धरली. "चखो." भाऊंनी चिमूट जिभेवर ठेवली. हमाल बघत होते.

"बस," भाऊ म्हणाले. "दोन बोंडे दे. एक कोकण्याले."

गेंदलालनं तीन दिले. तिसरा स्वतः तिथंच उभा राहून खाल्ला.

काही वर्षांनी मला चिपळूणला काम मिळालं. गोंदियाच्या स्टेशनवर भाऊ पोचवायला आले. पूल चढवत नव्हता म्हणून रुळांवरून हमालांनी त्यांना धरून फलाटावर आणलं. त्यांनी पुरचुंडी दिली, घरी दळलेल्या चण्याच्या पिठाची. "गाडीत भजे घेऊ नको. घरी जाऊन मायच्या हातचे खाजो."

नवी जागा, नवा मालक, आणि आता दार वाजवायला शेजारी कुणी नाही. भाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या पायांकडे पाहत होते.

गाडी हलली. फलाटावरून आवाज आला, "एका पायावर उभा राय."

मी दारातल्या दांड्याला धरलं आणि एक पाय उचलला. लोक हसत होते. काठीवर वाकलेले डोमाजीभाऊ दिसेनासे होईपर्यंत मी तो खाली टेकवला नाही.