दोन हजार पावलं

सुलभा माझी वीस वर्षांची मैत्रीण. फिरायला म्हणून आम्ही बागेत येतो आणि बाकावर गप्पा मारत बसतो. मुलाने तिच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ बांधल्यापासून मात्र ती पावलं मोजते. आज माझ्यासमोर थांबली, तेही जागच्या जागी पाय हलवत. "रात्र रात्र झोप लागत नाही गं," ती म्हणाली, आणि पाय चालूच.

"बस आधी."

"दोन हजार पावलं राहिलीत."

जन्मभर ऑफिसात टार्गेट गाठली आम्ही. आता फिरण्यातही नंबर काढायचा? मी नाही काढणार. मैत्रिणीजवळ बसायला घड्याळाची परवानगी कशाला? मी हात ओढून तिला बाकावर बसवलं. जरा वेळाने घड्याळ थरथरलं.

"उठ म्हणतंय," ती म्हणाली.

"म्हणू दे मेलं."

सुलभाने घड्याळावर पदर ओढला आणि झोप का लागत नाही, ते सांगायला लागली.