दोन्हीकडे चालेल असं लिहिणाऱ्या आपा

आपांना कुठलाही संदेश दाखवा, मजकूर त्या आधी वाचतच नसत. वरच्या ओळी बघत: कोणाकडून आला, कोणाला, कधी निघाला. "आधी माणूस कोण ते बघावं, मंग त्याचं म्हणणं," असं म्हणत. जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीचा कॉम्प्युटर विभाग त्या सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो.

तो न्यूजग्रुपचा जमाना. गटावर प्रश्न टाकला की जगभरातले लोक वाचत, ज्याला ठाऊक तो उत्तर देई. आमचे संशोधक देशमुख मात्र फक्त ईमेल लिहीत. तीच गटावर पोचवायची सोय आपांनी केली होती.

एकदा मंठ्याजवळच्या प्लॉटवर देशमुखांच्या मिरचीची पानं आकसू लागली. कित्येक हंगामांची मेहनत होती ती. त्यांनी गटाला विचारलं. उत्तर नाही. शेवटी ते आपांसमोर येऊन बसले.

"आपा, कुणालाच माझी पडली न्हाई का?"

"थांबा भाऊ, बघून राह्यले ना." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमचा प्रश्न तिथं पोचलाच न्हाई."

देशमुखांच्या जुन्या प्रोग्रॅममधून निघालेल्या मेलमध्ये वरच्या ओळींत 'कोणाकडून', 'कोणाला' या शब्दांपुढच्या कोलननंतर मोकळी जागाच सुटत नव्हती. ईमेलला ते चाले; न्यूजग्रुप असा संदेश घेतच नसे.

"मेल दिलदार हाय, चालवून घेतो. गट बिलकुल न्हाई घेत," आपा म्हणाल्या. "मंग आपण कडक नियमानंच लिवावं. दोन्हीकडं चालतं."

त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला. गटाकडे जाणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये ती जागा आपोआप पडेल अशी दुरुस्ती करूनच त्या उठल्या. देशमुखांचा प्रश्न पुन्हा पाठवला, तेव्हा उत्तर आलं: रोगट झाडं लगेच उपटा, पांढरी माशी आवरा. देशमुखांनी डोळे पुसत निम्मा प्लॉट स्वतःच्या हातानं उपटला. उरलेला वाचला.

पुढे गट ओस पडले. आपाही निवृत्त झाल्या आणि हैदराबादला बहिणीकडे राहायला निघाल्या. देशमुख आणि मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलली तशा त्या खिडकीतून काहीतरी म्हणाल्या. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, तरी मी मान हलवली.

"काय म्हणाल्या?" मी देशमुखांना विचारलं.

"मला वाटलं, तू ऐकलंस."

नंतर फोनवर विचारायचं दरवेळी ठरवायचो, पण बोलणं तब्येतीकडे आणि भाच्यांकडे वळायचं. मागच्या वर्षी आपा गेल्या. विचारायचं राहूनच गेलं.