मामाची शिट्टी आणि मावशीचं वीडर

आमच्या मामाने दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नाही. फक्त ती पुन्हा कोणाला उचलता येत नाही. साऱ्या इंदिरानगरात असा दुसरा कारागीर नाही, आणि हे मी भाचा म्हणून बोलत नाही. सोसायटीत ज्यांच्या ज्यांच्या पायावर त्याने दुरुस्त केलेलं काही पडलं आहे, ते सगळे हेच सांगतील. मामाची सारी नोकरी मनमाडला रेल्वेच्या पुलांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. तिथे जे बनतं ते शेकडो माणसांच्या वजनाखाली टिकावं लागतं, आणि तोच नियम त्याने घरी आणला. मामीच्या पोळपाटाचा एक पाय निखळला, तर याने तिन्ही पाय लोखंडी बसवले. "पोळपाट नाही हो, पूल आहे हा," असं मामी आल्यागेल्याला सांगते, पण दुसरा पोळपाट घेत नाही. रेल्वेच्या डब्यावर पांढऱ्या रंगात तपासणीची तारीख लिहितात, तशी मामाच्या घरी मिक्सरवर, पंख्यावर आणि कुकरच्या झाकणावरही लिहिलेली आहे. शिवाय कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी तो शिट्टी वाजवतो. खरं तर फिटरचा आणि शिट्टीचा काडीचा संबंध नाही. पण निवृत्तीच्या दिवशी एका गार्डाने आपली जुनी शिट्टी त्याला भेट दिली, आणि तेव्हापासून त्या घरात मिक्सरमधली चटणीसुद्धा शिट्टीशिवाय वाटली गेलेली नाही. मामी रोज म्हणते, "एक दिवस ती शिट्टी मी गोदावरीत टाकून येणार आहे."

या मामाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मात्र एका दोरीवरून निघालं. त्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या एका गावात एकटीच दीड एकर टोमॅटो करते. तण काढायला तिच्याकडे पेट्रोलवर चालणारं वीडर आहे. वर छोटं इंजिन, धरायला दोन दांडे आणि खाली फिरणारी पाती. ते सुरू करायचं तर इंजिनाची दोरी जोरात हिसका देऊन ओढावी लागते, आणि ती दोरी चांगल्या दांडग्या माणसालाही दोनदा तरी रिकाम्या हाताने परत पाठवते. पोळ्याच्या सुमारास मावशी बांधावरून घसरली, तिचा उजवा खांदा दुखावला आणि दोरी ओढणं संपलं. मग रोज सकाळी ती बांधावर उभी राहून रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची. सरीच्या टोकाला इंजिन बंद पडलं की पुन्हा बांधावर. तिचा दीर तर म्हणायलाच लागला, "वहिनी, मशीन इका आन् वावर मला वाट्यानं द्या. कशाला जिवाला तरास?" मावशी तडक इंदिरानगरला आली आणि मामाला म्हणाली, "दादा, चालवायला मी खंबीर हे. पण दुसऱ्यानं चालू करून दिल्याबिगर चालतच नाय, तर वावर माझं कसं म्हनायचं?" अर्धा चहा तसाच टाकून मामा भंगार बाजारात गेला.

तिथून त्याने मोडक्या स्कूटरची स्टार्टर मोटार आणि सायकलचं फ्रीव्हील आणलं. मोटारीने इंजिन फिरवायचं आणि इंजिनाने एकदा वेग घेतला की फ्रीव्हीलमुळे मोटार आपोआप सुटी व्हायची, पायडल थांबवलं तरी सायकलचं चाक फिरत राहतं तशी. मावशीचं वीडर टेम्पोने आणवलं आणि पंधरा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठोकाठोकी चालली. सोळाव्या दिवशी सगळ्यांना खाली बोलावून मामाने शिट्टी वाजवली, बटण दाबलं, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर अशा ऐटीत उभा होतो, जणू ते मीच केलं होतं.

ते टेम्पोत चढवायला चार माणसं लागली, तेव्हाच खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. मामाने मोटार बसवायला पुलाला लावतात तसली पट्टी वापरली होती, आणि बॅटरी ट्रॅक्टरची. शेतात मावशीने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं, इंजिन लागलं, आणि वीडर पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी भुईत उतरू लागलं. बांधावरून दीर म्हणाला, "पाव्हणं, हिर खांदायला लय बेस हे!" सगळे हसले. मीही हसलो, त्याची लाज अजून वाटते. मावशी हसली नाही. वीडर पुन्हा टेम्पोत घालून परत आणताना मामा एवढंच बोलला, "आख्ख्या नोकरीत मला कोणी हलकं कर म्हणून सांगितलं नव्हतं रे."

दुसऱ्या दिवसापासून त्याने आयुष्यात प्रथमच स्वतः जोडलेलं लोखंड कापायला घेतलं. पट्टी गेली, तिथे पातळ पत्रा आला. ट्रॅक्टरची बॅटरी गेली, स्कूटरची आली. आणि मग त्याने जे केलं ते फक्त आमचा मामाच करू जाणे. मामीच्या जुन्या ओढणीने स्वतःचा उजवा हात अंगाशी घट्ट बांधून घेतला आणि नुसत्या डाव्या हाताने तो ते वीडर पार्किंगमध्ये ढकलू लागला. हाताला काय झालं, असं शेजारी काळजीने विचारत. "मला काही नाही, बहिणीला झालंय," असं म्हणून तो पुढचा फेरा मारी. एका हाताने दहा फेरे न थांबता होईपर्यंत त्याने ओढणी सोडली नाही.

या खेपेला वीडर आम्ही दोघांनीच उतरवलं. दीर बांधावर हजर होताच. मामाने शिट्टी दिली, मावशीने बटण दाबलं आणि ती सरीच्या टोकापर्यंत सरळ गेली. तिथे पोचल्यावर तिने इंजिन बंद केलं. तिने आमच्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं आणि बटण दाबून पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. असं तिने चारदा केलं. दीर खाली उतरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वहिनी, कळलं." मामा रंगाचा डबा काढून इंजिनावर तारीख लिहायला बसला, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे आकडे वाकडे आले. मला त्या दिवशी माझ्या मामाचा जितका अभिमान वाटला, तितका कशाचाच वाटलेला नाही.

आता मामाचं शेतावर जाणं होत नाही. दम लागतो, आणि डॉक्टरांनी शिट्टी वाजवायलाही मनाई केली आहे. सकाळी मावशीचा फोन येतो आणि मामा तो कानाशी धरून बसतो. मग मामी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून येते, खुंटीवरची शिट्टी घेते आणि गाल फुगवून फोनमध्ये वाजवते. तिकडे इंजिन सुरू होतं. मामा डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, "बरोबर चाललंय." परवा मामीला यायला जरा उशीर झाला, म्हणून मी फोन घेऊन म्हटलं, "मावशी, तू कर की सुरू. आता तुला कोणाची वाट बघायची गरज आहे का?"

"गरज नाय रे," मावशी म्हणाली. "पण शिट्टी होऊ दे."