क्लच आणि शेजारचे काका

पप्पांची जुनी मोटरसायकल नायगावच्या आमच्या चाळीत जिन्याखाली उभी होती. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. रिडेव्हलपमेंटसाठी खोली सोडायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "भंगारात दे." मी म्हटलं, चालू करून घेऊन जाते.

इंजिन सुरू झालं, पण गिअर टाकला तरी गाडी जागची हलेना. क्लच गेला होता. तो उघडायला मधला नट सोडवावा लागतो, आणि नटाबरोबर आतलं सगळंच गरगर फिरतं. ते धरून ठेवायचं हत्यार इतक्या जुन्या गाडीसाठी कुठे मिळेना. मी जिन्याखाली खटपट करत बसले की शेजारचे काका खुर्ची टाकून समोर बसायचे. चहाही तिथेच मागवायचे.

"अगो, छिन्नी लाव नि हाण दोन हातोडे."

"काका, दाते तुटतील."

"माझ्या स्कूटरचा असाच काढला होता मी."

त्यांची स्कूटर समोरच होती. तिच्या फुटबोर्डवर मांजर व्यालं होतं.

शेवटी हत्यार मीच बनवायचं ठरवलं. पप्पांनी पूर्वी कधीतरी बदलून डब्यात ठेवलेल्या क्लचच्या एका लोखंडी चकतीचे दाते त्या फिरणाऱ्या भागावर बरोबर बसत होते. तिला दांडा जोडायला लालबागच्या एका ग्रिलवाल्याकडे गेले.

"गाडी कोण करतंय? मिस्टर?"

"मीच."

"मग मिस्टरांना एकदा विचारून घ्या," म्हणत त्याने दांडा वेल्ड केला. तोही वाकडा. मला मिस्टर नाहीत हे मी सांगितलं नाही. विषय वाढला असता.

घरी येऊन चकती बसवली, दांडा फुटरेस्टला अडकवला आणि पान्यावर सगळं वजन टाकलं. कट्ट झालं, नट सुटला. मी ओरडलेच. काकांनी उठून नट हातात घेतला आणि वरच्या मजल्याकडे बघत जाहीर केलं, "निघाला! मी सांगतच होतो, जोर लावायला हवा."

नव्या प्लेटा घातल्यावर गाडी पळायला लागली. आई मागे बसली. नाक्यावर पोचल्यावर म्हणाली, "त्यांच्यापेक्षा बरी चालवतेस."

दुसऱ्या दिवशी काका भाच्याच्या गाडीसाठी हत्यार मागायला आले.

"गाडी इथे आणा, मी उघडून देते," मी म्हटलं.

काका दुखावले. आपण दोघांनी मिळून बनवलेलं हत्यार हिने दाबून ठेवलं, असं त्यांनी चाळभर सांगितलं. आता जिन्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच: "काय गं, काकांचं हत्यार दिलंस का परत?"