खोलीतलं दार

माझ्या मावशीला आम्ही भाचरं राखाडी मावशी म्हणायचो. ती एकच खोली रंगवायची: आजोबांचा पलंग, उशाशी खुर्ची, पाण्याचा पेला आणि खिडकीतून येणारा अंधुक उजेड. काळा रंग तिने कधी विकत घेतला नाही. काम संपलं की पॅलेटवरचे उरलेसुरले रंग खरवडून ती एका डब्यात टाकायची. त्यांचा जो करडा व्हायचा, तोच दुसऱ्या दिवशी चित्रातल्या भिंतींना.

आजोबा नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. सकाळी अकरा ते बारा ते झोपत, तेवढाच तिचा वेळ. उजेड हवा तसा दिसावा म्हणून ती दाराकडे पाठ करून बसायची, त्यामुळे चित्रात दार कधी आलंच नाही. मी एकदा चेष्टेत विचारलं, या खोलीतून माणसाने बाहेर पडायचं कसं? ती हसली नाही.

मग दूरच्या एका शाळेचं पत्र आलं. चित्रकलेच्या बाईंची जागा, राहायला खोली, सोमवारपर्यंत कळवा. त्या आठवड्यात मावशी पहिल्यांदा खिडकीपाशी स्टूल घेऊन बसली आणि चित्रात दार आलं. किंचित उघडं, फटीतून पिवळसर पट्टा.

आता आजोबांना कुणीतरी ठेवून घ्यायला हवं होतं. मामाने घर लहान असल्याचं सांगितलं, आईने पाठदुखी पुढे केली. माझ्याकडे दोन खोल्या होत्या. मी मूग गिळून बसले.

रविवारी मावशीने सुकलेलं चित्र पलंगासमोर धरलं आणि जायचं म्हणते, असं सांगितलं. आजोबांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी चित्र नीट बघून घेतलं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "तेवढं दार लावून घे. गार वारा येतो."

मावशी भांडेल असं मला वाटलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी नेते, एवढंच म्हणायचं होतं मला, पण जीभ उचलली नाही. तिने डबा उघडला आणि पिवळा पट्टा करड्याने बुजवून टाकला.

ते चित्र आता माझ्या घरी आहे. पाहुणे म्हणतात, किती शांत वाटतं बघून. मला चीड येते, त्यांची नाही, माझीच. दाराच्या कडेवरून बोट फिरवलं की खालच्या पट्ट्याचा उंचवटा अजून लागतो.