जळालेल्या उसाचा निकाल

‘तपास ढिसाळ होता. समोर जे आले त्यावरच निकाल देणे न्यायासनाला भाग होते. निरपराध माणसाला शिक्षा झाली याचा दोष द्यायचाच तर तो पोलिसांना द्यावा.’

आमच्या भागातील एका ज्येष्ठ वकिलांनी, एका निवृत्त सत्र न्यायाधीशांच्या गौरवार्थ निघालेल्या स्मरणिकेत हे लिहिले आहे. खटला कोणता, ते त्यांनी लिहिलेले नाही. मी ओळखला. त्यातला दुसरा तपास माझा होता, आणि माझ्या तपासाला ढिसाळ म्हणणाऱ्याला उत्तर दिल्याशिवाय मी मरणार नाही.

पलूस तालुक्यातील त्या जळिताने आजही माझा पिच्छा सोडलेला नाही. एका मोठ्या बागायतदाराचा उभा ऊस पेटला. विहिरीजवळच्या खोपीत झोपलेला म्हातारा राखणदार त्यात होरपळून मेला. शेजारच्या रानाचा मालक माजी सैनिक. गाव त्याला फौजी म्हणे. त्याचा आणि बागायतदाराचा बांधावरून वाद होता. बागायतदार बांध कोरत होता म्हणून फौजीने दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणलेला होता. आगीच्या थोडेच आधी फौजी चावडीसमोर ओरडला होता, ‘तुझा ऊस पेटवून देतो का न्हाई बघ!’ माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने ते वाक्य धरले, बागायतदाराच्या दोन गड्यांचे जबाब घेतले आणि दोषारोपपत्र दाखल केले. ही माझ्या खात्याची चूक होती. मी ती झाकत नाही.

मी त्या ठाण्याचा कार्यभार घेतला तेव्हा खटला उभा राहायचा होता आणि फौजी न्यायालयीन कोठडीत होता. त्याची बायको ठाण्यात आली आणि ठाणे अंमलदाराला न जुमानता थेट माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

‘नवं सायेब तुमीच काय? जुन्यानं नवरा न्येला. तुमी आता काय न्येताय, म्हस का शेरडं?’

मी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

‘बसून काय करू? त्या जळल्याल्या रानात जाऊन डोळ्यांनी बघा येकदा. जुनं सायेब बांधावरनंच माघारी फिरलं.’

मी गेलो. मी साताऱ्याकडच्या ऊसकऱ्याचा मुलगा आहे. पेटलेल्या रानात काय उरते ते मला कोणी शिकवायला नको. त्या रानात ठिबकचे पाणी होते. उभा ऊस अचानक पेटला, तर सऱ्यांतल्या प्लास्टिकच्या नळ्या वितळून मातीला चिकटतात. मी सऱ्या उकरून पाहिल्या. वितळलेल्या प्लास्टिकचा एकही गोळा सापडला नाही. उलट, जळालेल्या बुडख्यांतून फुटलेल्या खोडव्याला उन्हाने विटलेल्या जुन्याच नळ्या पाणी देत होत्या.

बागायतदाराला ठाण्यात बोलावले. दमदाटीने श्रीमंत माणूस गप्प होतो आणि कौतुकाने बोलू लागतो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला.

‘काय सायेब, चा पाजून तपास? नवीनच रीत म्हनायची.’

‘खोडवा झकास आलाय तुमचा. ठिबकला खर्च फार झाला असेल?’

‘छ्या! खर्च कशाचा? जुन्याच नळ्या हायत्या. धा वरसं बघाय लागत न्हाई.’

‘आगीत वितळल्या नाहीत?’

त्याने कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, ‘तोड जवळ आलीवती. गोळा करून ठेवल्यावत्या.’

‘कारखान्याच्या यादीत तुमची पाळी तर बरीच लांब होती.’

तो उठला आणि वकिलाशिवाय बोलणार नाही म्हणाला.

आमच्याकडे सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट शहरी वाचकांसाठी सांगतो. जळालेला ऊस वाळतो, म्हणून तो पाळी डावलून आधी तोडतात. घाई झालेला शेतकरी कधी कधी स्वतःच काडी लावतो, आणि लावण्याआधी नळ्या गुंडाळून घेतो. बागायतदाराने नळ्यांची काळजी घेतली. म्हाताऱ्याची घेतली नाही.

त्याचा ट्रॅक्टरचालक मी दुसऱ्यांदा विचारताच फुटला. ‘मालक म्हनलं, म्हातारा जेवायला घरला गेलाय. म्या काडी लावली. आवं, खोपीकडं तोंड करून नुसती हाळी मारली असती तरी म्हातारा उठला असता सायेब. हाळीबी मारली न्हाई.’ हे त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, पोलीस बाहेर असताना, पुन्हा सांगितले. मी पुरवणी अहवाल सादर केला.

तेव्हा वकीलसाहेब, न्यायासनासमोर सर्व काही आले होते. त्याचे काय झाले? बागायतदाराला अटकपूर्व जामीन मिळाला. चालकाला साक्षीला बोलावण्याचा अर्ज फेटाळला गेला. मी साक्षीच्या पिंजऱ्यात नळ्यांचा उल्लेख करताच न्यायाधीश म्हणाले, ‘तुम्ही पोलीस आहात की आरोपीचे वकील? विचारले तेवढेच सांगा.’ फौजीला जन्मठेप झाली. पुढे उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्याला तुरुंगातून खाटेवर घालून घरी आणावे लागले. मी भेटायला गेलो, तर म्हणाला, ‘सायेब, पेटवतो म्हनलोवतो त्ये खोटं न्हाई सांगत. पर तोंडानं बोलल्यालं येवढं जळतंय व्हय?’  वर्ष उलटण्याआधी तो गेला.

या खटल्याने मला शिकवले, की खोटा साक्षीदार उलटतपासणीत सापडतो, चुकलेला पोलीस अपिलात सापडतो. विकल्या गेलेल्या न्यायाधीशाला मात्र आपल्याकडे स्मरणिका मिळते.

वकीलसाहेब म्हणतील, न्यायाधीशही माणूस आहे, त्याचा अंदाज चुकू शकतो. महाबळेश्वरच्या कुणाच्या बंगल्यात कोण उतरत असे, याच्या कथा लोक सांगतात. मी ते पाहिलेले नाही, म्हणून ते वापरत नाही. निकालाच्या दिवशी जे पाहिले तेवढेच सांगतो. वरिष्ठांना ते त्याच दिवशी लेखी कळवले होते. उत्तर आले नाही.

खटला चालू असेपर्यंत, फौजी आत असूनही, मनाई हुकुमाच्या धाकाने बागायतदाराने बांधाच्या ढेकळालाही हात लावला नव्हता. फौजी सुटून आला तर पहिली गाठ त्याच्याशी होती. निकालाच्या सकाळी मी न्यायालयाकडे निघालो आणि वाटेत त्या रानाजवळ गाडी थांबवली. बांधावर ट्रॅक्टर चालू होता. मी नव्या चालकाला विचारले, ‘कुणी सांगितलं रं?’

‘मालकांनी. फौजी आता येत न्हाई म्हनलं.’

निकाल दुपारी वाचला गेला. बांध सकाळीच नांगरून झाला होता.